फूड पँट्रीला सकस अन्न द्यायचंय? मग या चुका टाळा

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फूड ड्राइव्हचा, म्हणजे गरजूंसाठी खाण्याचं सामान गोळा करायचा, निरोप फिरायला लागतो. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये खोकी साचतात, शनिवारी ती मिनीव्हॅनमधून जवळच्या फूड पँट्रीत, म्हणजे असं सामान फुकट वाटणाऱ्या केंद्रात, पोचतात, एक ग्रुप फोटो निघतो. न्यू जर्सीतल्या एका चर्चच्या तळघरातल्या अशाच पँट्रीत मी ती खोकी उघडणाऱ्यांच्या बाजूला असते. देणाऱ्यांच्या मनाबद्दल शंका नाही. पण त्यातलं बरंच सामान फळीवरच राहतं, आणि पुढच्या चुकांतल्या निम्म्या तरी मी स्वतः करून बसले आहे.

सकस आहे, पण शिजवायचं कशात?

पहिल्या वर्षी मी हट्टानं सुका राजमा गोळा केला. प्रथिनं भरपूर, मीठ नाही, स्वस्त, वर्षभर टिकणारा. दोन महिन्यांनी पाहिलं तर बहुतेक पिशव्या जागच्या जागी. आपल्या घरात कुकर असतो म्हणून सगळ्यांच्या घरात असेल, असं मी धरून चालले होते. एका आजींनी विचारलं, "हे रात्रभर स्लो कुकरमध्ये ठेवलं तर होईल ना?" तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि स्लो कुकरचं तापमान ते नष्ट करण्याइतकं चढेलच असं नाही. अर्धवट शिजलेल्या मूठभर दाण्यांनीही उलट्या सुरू होतात. राजमा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा. ही चार वाक्यं पिशवीला चिकटवल्याशिवाय आम्ही आता राजमा देत नाही.

बऱ्याच जणांकडे तर शेगडीच नसते. मोटेलच्या खोलीत राहणारी कुटुंबं येतात, त्यांच्याकडे फक्त मायक्रोवेव्ह. काहींकडे डबा उघडायचं ओपनरही नसतं. म्हणून नाव नोंदवतानाच विचारा: शेगडी आहे का, फ्रीज आहे का, ओपनर आहे का? तीन प्रश्न, दहा सेकंद. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना कडी ओढून उघडणारे डबे द्या. आणि डबाबंद कडधान्याला नाक मुरडू नका. त्यातलं पाणी काढून दाणे नळाखाली धुतले की मीठ साधारण 40 टक्क्यांनी कमी होतं.

डब्याच्या दर्शनी बाजूवर विश्वास

'रिड्यूस्ड सोडियम' वाचून आपण सूपचे डबे खुशाल उचलतो. त्याचा अर्थ एवढाच की त्या सूपच्या नेहमीच्या प्रकारापेक्षा मीठ किमान 25 टक्के कमी. मूळचं खारट असेल तर हेही खारटच. 'लो सोडियम' म्हणजे मात्र एका वाढणीत सोडियम 140 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. डबा उलटा करून दिवसभराच्या प्रमाणाच्या टक्क्यांचा (% Daily Value) रकाना पाहायची सवय लावा: 5 टक्के किंवा कमी म्हणजे थोडं, 20 किंवा जास्त म्हणजे फार. आणि सूपच्या डब्यात बहुधा एकाहून जास्त वाढण्या असतात, हे विसरून हिशोब करू नका.

पँट्रींसाठी 2020 साली पोषणाचे खास निकष आले. संपृक्त चरबी, सोडियम आणि वरून घातलेली साखर या तीन गोष्टींवरून पदार्थाचे तीन गट: नेहमी घ्या, कधीमधी घ्या, क्वचित घ्या. अनेक ठिकाणी हे हिरव्या, पिवळ्या, लाल चिठ्ठ्यांनी दाखवतात. आम्ही उत्साहात एका शनिवारी अख्खं तळघर रंगवायला घेतलं आणि दुपारपर्यंत आपसात भांडलो. सिरियल आणि डबे, एवढ्यावरच सुरुवात करा. तेल, मसाले, बाळांचं खाणं यांना त्या निकषांतही रंग नाही.

सगळ्यांना एकच पिशवी

आधी भरून ठेवलेली पिशवी स्वयंसेवकांना सोयीची पडते. पण तीच पिशवी मधुमेह असलेल्या आजोबांना, हलाल पाळणाऱ्या कुटुंबाला आणि शाकाहारी विद्यार्थ्याला गेली, तर नको ते सामान बसथांब्यावर सोडलं जातं. मी ते पाहिलं आहे. दुकानासारखं निवडून घेऊ द्या. जागा नसेल तर सामानाची यादी असलेला, खुणा करायचा कागद पुरतो. भाजीफळांचं टेबल रांगेच्या शेवटी ठेवू नका. तिथवर येईपर्यंत पिशवी भरलेली असते आणि हातही अवघडलेले असतात.

"नाही" म्हणायची भीती

फुकट आलेलं नाकारायचं कसं, हा संकोच आपल्याला जास्तच. पण वॉशिंग्टनच्या कॅपिटल एरिया फूड बँकेनं 2016 मध्ये मोठे केक, सणाची चॉकलेटं आणि साखरेची पेयं घेणार नाही असं उघड सांगितलं. लहान पँट्रीला एवढं ठाम राहणं जड जातं, मान्य. तिनं मागायची भाषा बदलावी. 'हेल्दी फूड आणा' असं लिहिलं की ग्रॅनोला बारचा ढीग येतो. त्याऐवजी लिहा: पाण्यातला टूना, रसातली फळं (पाकातली नकोत), मीठ न घातलेले टोमॅटो, ओट्स. मी स्वतः मात्र वाढदिवसाचे दोन-चार केक ठेवून घेते. लेकराचा वाढदिवस ओट्सवर काढा, असं कुणाला सांगायची माझी तरी हिंमत नाही.

खास आपल्या चुका

कॉस्टकोसारख्या घाऊक दुकानातल्या मोठ्या पोत्यातला तांदूळ झिपलॉक पिशव्यांमध्ये भागून आणणं, आणि घरचे लाडू. दोन्ही आम्हाला परत करावे लागतात. वेष्टनावर घटकांची यादी नसेल तर ॲलर्जी असलेल्या माणसानं काय समजायचं? 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा इथल्या प्रमुख ॲलर्जनांमधला नववा आहे, तेव्हा संक्रांतीचा तिळगूळ तर मुळीच नको. बंद, लहान पाकिटं आणा.

'बेस्ट बाय' तारीख उलटली म्हणून लगेच फेकू नका. ती चवीची असते, सुरक्षिततेची नव्हे. फक्त बाळाच्या फॉर्म्युल्याची (डबाबंद दुधाची) तारीख काटेकोर पाळा. फुगलेला, गळका किंवा सांध्यावर चेपलेला डबा मात्र सरळ कचऱ्यात. दूध-अंडी मागवण्याआधी फ्रीजमध्ये थर्मामीटर लावा, काटा 40 फॅरनहाइटच्या वर नको.

आणि सगळं नोव्हेंबरमध्येच का? तेव्हा खोकी ठेवायला जागा नसते. जूनअखेरीस शाळा सुटल्या की मुलांचं शाळेतलं दुपारचं जेवण बंद होतं, घरचा खर्च वाढतो आणि फळ्या ओस पडतात. यंदा आमच्या मंडळानं ड्राइव्ह आषाढीच्या सुमारास घेतली. खोकी निम्मीच आली, ती चार दिवसांत संपली.