‘पॉ’ म्हणजे ‘पाय’ नव्हे : या चुका टाळा

इंग्रजीतला ‘पॉ’ (paw) हा शब्द वापरताना सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे कुठल्याही प्राण्याच्या पायाला ‘पॉ’ म्हणणं. मांजर, कुत्रा, वाघ, अस्वल यांचं खाली मऊ गादी आणि पुढे नख्या असलेलं पाऊल म्हणजे पॉ. गाय, शेळी, घोडा यांना असतात ते खूर, त्यांना इंग्रजीत ‘हूफ’ म्हणतात. हत्तीच्या पायाला मात्र साधं ‘फूट’च. ‘गाईचा पंजा’ हे मराठी कानाला जितकं खटकतं, तितकंच ‘गाईचा पॉ’ हे इंग्रजी कानाला खटकतं. अमेरिकेतल्या कुक्कुट व्यवसायात मात्र कोंबडीच्या पावलालाही पॉ म्हणतात आणि त्या नावाने ती पावलं चीनला निर्यातही होतात. तो धंद्यातला शब्द आहे, शाळेच्या निबंधात नको.

‘क्लॉ’ (claw) म्हणजे पंजा नव्हे, ती नखी. मांजर चालतं तेव्हा त्याच्या नख्या आतच असतात. तेव्हा क्लॉ दिसत नाहीत, पॉ दिसतो. पंजा हा शब्द फारसी ‘पंज’ म्हणजे पाच यावरून आला असला, तरी मांजराचा मागचा पाय उचलून पाहा, बोटं चारच असतात. पाच पुढच्या पायाला.

आता व्युत्पत्ती. इथली चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती अगदी पटण्यासारखी आहे. पॉ आणि पाय, दोन्हींत ‘प’, अर्थही जवळचा, म्हणजे मूळ एकच, असं वाटतं. तसं नाही. पॉ इंग्रजीत 1300 च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला. जर्मन ‘फोटं’ आणि डच ‘पोट’ हे त्याचे सोयरे मानले जातात. पायाचा सख्खा भाऊ आहे ‘फूट’. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेल्या नियमानुसार संस्कृत आणि इंग्रजी यांच्या समान मूळ भाषेतल्या ‘प’चा इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषांत ‘फ’ झाला: पितृ-फादर, पंच-फाइव्ह, पाद (म्हणजे पाय)-फूट. पायाने चालवायच्या ‘पेडल’मध्ये ‘प’ टिकला तो शब्द लॅटिनमधून आल्यामुळे. ‘हूफ’ची गोष्ट तर आणखी सुंदर आहे. संस्कृतात खुराला ‘शफ’ म्हणतात. शत-हंड्रेड, शृंग-हॉर्न या जोड्यांशेजारी शफ-हूफ ठेवा. ‘श’च्या जागी ‘ह’ कसा येतो ते लगेच दिसेल. म्हणून शब्दांचं नातं ठरवताना एका शब्दाच्या आवाजावर जाऊ नका, अशा जोड्यांची रांग लागते का ते तपासा.

बुद्धिबळातल्या ‘पॉन’चाही पॉशी संबंध जोडू नका. तो लॅटिनमधल्या पायदळाच्या शिपायावरून आला. म्हणजे पॉ आणि पॉन यांपैकी पायाचा खरा नातलग पॉन, आणि फारसीतून आलेलं आपलं प्यादंही त्याच घरातलं.