असेंब्लीतील सेक्शन आणि रूटीन : नवख्यांसाठी धुळ्यातील अनुभव

धुळ्यात पदविकेला असताना आमची असेंब्लीची, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याच्या भाषेची, ओळख ८०८५ या प्रोसेसरच्या ट्रेनर किटवर (सरावाच्या बोर्डावर) झाली. तिथे सेक्शन (सूचना, माहिती यांसाठी प्रोग्रामचे वेगळे भाग) नावाची सोय नसते. कोड कोणत्या पत्त्यापासून भरायचा, आकडे कुठे ठेवायचे आणि स्टॅक (तात्पुरत्या किमतींची चळत) कुठून खाली वाढू द्यायचा, हे सगळे आपणच ठरवायचे असते. पुढे लिनक्सवर नॅस्म हा असेंबलर (असेंब्लीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) वापरू लागल्यावर ही वाटणी तो आणि लिंकर (तयार तुकडे जोडणारा प्रोग्राम) करू लागले, पण ती कशासाठी असते हे किटमुळे आधीच समजलेले होते.

टेक्स्ट सेक्शनमध्ये सूचना राहतात आणि तिथे लिहायला गेल्यास सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्राम बंद पडतो. सुरुवातीची किंमत ठरलेली माहिती डेटामध्ये जाते. बीएसएस या तिसऱ्या सेक्शनकडे मात्र विद्यार्थी दुर्लक्ष करतात : ६४ किलोबाइटचा रिकामा तक्ता डेटामध्ये मांडला तर फाइल तेवढीच फुगते, तर बीएसएसमध्ये केवळ आकाराची नोंद होते आणि प्रोग्राम सुरू होताना शून्यांनी भरलेली जागा मिळते.

खरी कसोटी रूटीनची, म्हणजे नाव घेऊन बोलावता येणाऱ्या सूचनांच्या तुकड्याची, असते. प्रत्येक रूटीनच्या डोक्यावर ते कोणत्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधील किंमत ठेवण्याच्या कप्प्यात) काय घेते, कशात उत्तर देते आणि कोणती रजिस्टरे बिघडवते, एवढे तीन ओळींत लिहिल्याशिवाय आत एकही सूचना लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. याचे कारण प्रयोगशाळेत दरवर्षी दिसते. तक्त्यातील आकडे छापण्यासाठी विद्यार्थी आरसीएक्स या रजिस्टरमध्ये मोजणी ठेवून लूप लिहितो आणि त्यात छपाईचे रूटीन बोलावतो. त्या रूटीनमधील सिसकॉल (ऑपरेटिंग सिस्टीमला काम सांगणारी सूचना) परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये व फ्लॅग (प्रोसेसरच्या स्थितीच्या खुणा) आर११ मध्ये ठेवतो, मोजणी पुसली जाते, लूप थांबेनासा होतो आणि मागच्या बाकावरून ‘काय व्हयनं भो?’ असा प्रश्न येतो. लूपमध्ये चूक शोधत बसण्यात अर्थ नसतो, कारण तो बरोबरच असतो. ६४-बिट लिनक्सच्या प्रचलित संकेतानुसार आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ बोलावलेल्या रूटीनने जसेच्या तसे परत द्यायचे असतात, म्हणून मोजणी आर१२ मध्ये ठेवून लूपची उडी (मोजणी एकने कमी करून ती शून्य नसेल तर मागे जाणे) हाताने लिहावी.

जे रूटीन स्वतः आर१२ वापरते, त्याने ते आरंभी पुश करून (स्टॅकवर ठेवून) रेटच्या, म्हणजे परतीच्या सूचनेच्या, आधी पॉप करावे (परत काढावे). पुश केलेली रजिस्टरे उलट क्रमाने पॉप करावी लागतात. एक जरी पॉप राहिला तरी रेट स्टॅकवरची भलतीच किंमत पत्ता समजून तिकडे उडी मारतो. रेट लिहायचाच राहिला, तर अंमलबजावणी सरळ खालच्या रूटीनमध्ये घुसते, आणि ते तर अधिक फसवे, कारण कधीकधी उत्तरही बरोबर येते.

लेबलांना, म्हणजे उडीच्या ठिकाणांना, द्यायची नावे संपू लागली की नॅस्मची स्थानिक लेबले वापरावीत. टिंबाने सुरू होणारे लेबल आधीच्या मुख्य लेबलाच्या मालकीचे ठरते, त्यामुळे प्रत्येक रूटीनला स्वतःचे ‘.पुढे’ ठेवता येते. रूटीने वेगळ्या फाइलीत हलवायची वेळ आली, तर त्यांची नावे तिथे ग्लोबल (बाहेर वापरता येणारी) आणि वापरणाऱ्या फाइलीत एक्सटर्न (बाहेरून येणारी) म्हणून जाहीर करावीत. बाकीची जोडणी लिंकर करतो.