रोपं पिवळी पडली? आधी ट्रे उचलून बघा

खिडकीतली टोमॅटो-मिरचीची रोपं पिवळी दिसली की आपला हात पहिला पाण्याच्या तांब्याकडे जातो. तिथेच घात होतो. ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्यात रोपं वाढवतो) वरून कोरडं दिसतं, पण खाली चिखल असतो. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात आणि पानं पिवळी पडतात. म्हणून ट्रे उचला: जड लागला तर पाणी बंद, हलका लागला तरच द्या. नाशिकच्या पावसाळ्यात ऊन नसतं, मग दोन-तीन दिवस पाणी नाही दिलं तरी चालतं. थंडीतही कोकोपीट उशिरा वाळतं.

सगळ्यात खालची, उगवतानाची दोन गुळगुळीत पानं पिवळी होऊन गळली तर काळजी नको. त्यांचं काम झालेलं असतं. त्यांच्या वरची जुनी पानं फिकट होत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. नुसत्या कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतंच. त्या पहिल्या दोन पानांनंतरची खरी पानं फुटल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. द्राक्षपट्ट्यात राहतो आपण, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळेल. हात सैल सोडू नका, जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या? मग बहुधा लोह कमी पडतंय. बोअरचं जड (क्षारांचं) पाणी घालत असाल तर ते बदलून बघा.

आणि रोप लांबुडकं होऊन काचेकडे झुकलं असेल, तर खत नको, उजेड हवा.