संवाद नसलेली सूडकथा करताय? या चुका टाळा

"संवादच नाहीत, मग साउंडवाला कशाला?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता असं म्हणणाऱ्याचं एडिटिंग मी घेतच नाही.

मागे अशीच एक अकरा मिनिटांची शॉर्टफिल्म माझ्याकडे आली. मारामारी झकास. आवाज मात्र कॅमेऱ्याच्या माइकवर आलेला, तोही दिग्दर्शकाचाच: "मार, अजून जोरात मार!" तीन रात्री बसून पावलं, कपड्यांची सळसळ, दाराची कडी, सगळं फॉलीत, म्हणजे चित्र बघत स्टुडिओत आवाज करून, नव्याने केलं. ठोसे जमले, श्वास काही जमेना. नायकाला बोलावून माइकसमोर खुर्चीत बसवलं, तर गडी दम लागल्याचा अभिनय करायला लागला. शेवटी त्याला जिन्यावर चारदा वरखाली पळवलं आणि धापा टाकत असतानाच रेकॉर्ड केलं. जो तोंड उघडणार नाही, त्याची भीती, राग, दमणूक श्वासातूनच कळणार ना? तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करायचं आणि एक मिनिट त्या जागेची नुसती शांतता टिपायची, एडिटिंगमध्ये बाकीच्या आवाजांखाली घालायला. फाइटचा टेक कट झाला की माइक नटाच्या तोंडाशी, वीस सेकंद. पाणी त्यानंतर.

आणि हो, संवाद नाहीत म्हणून पहिल्या फ्रेमपासून पार्श्वसंगीत बडवत राहणं हा निव्वळ आळस आहे.

दुसरी चूक माझ्या खास रागाची: सगळेच विनाकारण मुके. दिग्दर्शक जॉन वू यांच्या 2023 च्या 'सायलेंट नाइट'मध्ये नायकाच्या गळ्यात गोळी लागते, आवाज जातो. कारण कथेतच आहे. नवशिक्यांच्या फिल्ममध्ये मात्र दार वाजतं, दोघं समोरासमोर येतात आणि साधं "कोण?" सुद्धा कुणी विचारत नाही. मग प्रेक्षक हसतो. मी स्क्रिप्ट वाचताना प्रत्येक सीनला पेन्सिलीने विचारतो, इथे खरा माणूस बोलला असता का? उत्तर 'हो' आलं की सीनची जागाच बदलायची. मध्ये काच घाला, यंत्राची घरघर आणा, नाहीतर पात्राला एकट्याला गाठा.

सूड कुणाचा, हेही कळायला हवं. फोटोकडे बघून मूठ आवळली की झालं, असं वाटतं लोकांना. एका फिल्मच्या ट्रायलला पाच जण होते. दोघांना मेलेली मुलगी बायको वाटली, तिघांना बहीण. ती नायकाची लेक होती! तो तिच्या बुटांच्या नाड्या बांधतोय असा एक शॉट आधी आणि त्याच बुटांची सुटलेली नाडी नंतर, एवढ्याने भागलं असतं.

बाकीचं थोडक्यात. चिठ्ठ्या आणि मोबाइलचे मेसेज एक-दोन चालतील, चार झाले की ते लिहिलेले संवादच. फाइटच्या आधी खोली एकदा वाइड शॉटमध्ये, म्हणजे पूर्ण, दाखवा, दार कुठे आहे ते कळू दे. 'स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट' हा हिशोब इथे विसरा. 'तो चौघांना लोळवतो' या एका ओळीला शूटिंगचा अख्खा दिवस जातो. मी तर स्टॉपवॉच लावून खोलीत स्वतःच हातवारे करून बघतो.

रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिटिंग, संगीताशिवाय, कथा माहीत नसलेल्या माणसाला दाखवा आणि शेजारी बसून समजावू नका. त्याला कळलं नाही म्हणून व्हॉइसओव्हर टाकणार असाल, तर मला फोन करू नका.