संगणक किती येतो, हे स्वतःच ठरवताय? या चुका टाळा

वाचनालयातल्या किंवा ज्येष्ठ नागरिक संघातल्या संगणक क्लबात नाव घालताना बहुतेक ठिकाणी एक तक्ता भरून घेतात. वर्ड, एक्सेल, ईमेल, आणि प्रत्येकासमोर ‘येते’, ‘थोडे येते’, ‘येत नाही’. इथेच पहिली चूक होते. आयुष्यात एकच अर्ज टाइप केलेला माणूस आणि रोज पत्रव्यवहार सांभाळणारा माणूस, दोघेही ‘थोडे येते’वर खूण करतात. मग दोघांना एकाच बाकावर बसवून तेच शिकवले जाते.

सॉफ्टवेअरचे नाव विचारू नका, काम द्या. चार ओळींचा अर्ज टाइप करा, त्याची पीडीएफ करा, ईमेलला जोडून पाठवा. मग सगळे बंद करून तीच फाइल पुन्हा उघडून दाखवा. या शेवटच्या पायरीवर भलेभले अडतात. टायपिंग छान असते, पण फाइल डाउनलोड्समध्ये गेली की डॉक्युमेंट्समध्ये, हेच ठाऊक नसते. अशा सभासदाला वर्ड पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही, त्याला फोल्डर समजावून द्यायला हवेत.

मराठी टायपिंगचेही तसेच. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टवर वर्षानुवर्षे हात बसलेले लोक बिनधास्त ‘येते’ लिहितात. त्यांचा मजकूर कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवून बघा. अक्षरांचा नुसता काला झाला, तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर तशीच दिसणारी अक्षरे, शिकणे बाकी आहे. वेग टिकून असतो, बदलायची असते ती संगणकातली कीबोर्डची सेटिंग.

शेजारच्याने ‘इथे क्लिक करा’ म्हटल्यावर जमलेले काम ‘येते’मध्ये धरू नका. ‘सांगितल्यावर जमले’ असा वेगळा रकाना ठेवा. जुन्या प्रमाणपत्रावरही विसंबू नका. एमएस-सीआयटी 2001 पासून आहे, आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या 2007च्या आवृत्तीत जुने मेनू जाऊन वर रिबन, म्हणजे बटणांची पट्टी, आली. तेव्हा शिकून नंतर माउसला हात न लावलेल्यांनी नव्याने तपासून घ्यावे.

मला सगळ्यात जास्त सलते ती उलटी चूक. बचतगटाचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवणारी बाई ‘येत नाही’ लिहिते, कारण घरात सतत ऐकलेले असते, ‘दे इकडे, तुला नाही जमायचं.’ तिला सरळ तिचीच शीट उघडायला सांगा आणि बेरजेच्या रकान्यात सूत्र आहे का ते बघा. असेल, तर तिला पहिल्या पाठापासून बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

‘ऑनलाइन व्यवहार येतात’ असे लिहिणाऱ्याला एवढेच विचारा: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागतो का? उत्तर ‘हो’ आले, तर बाकीचे सगळे बाजूला ठेवून आधी हे शिकवा. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, तो पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक बघताना लागतो. आणि फसवणूक झालीच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, हेही त्याच दिवशी सांगा.