वस्तू आणि तिची हकीकत: स्थानिक इतिहासाचं संग्रहालय चालवणाऱ्यांसाठी

जुना कंदील घेऊन कुणी संग्रहालयाच्या दारात उभं राहिलं, की तोंडात पहिला प्रश्न येतो, "किती वर्षांचा आहे?" हा प्रश्न मागे ठेवा. कंदिलाचं वय त्याच्या घडणीवरून, बुडावरच्या शिक्क्यावरून नंतरही काढता येतं. तो कुणाचा होता, कुठं टांगलेला असायचा, रोज कोण पेटवायचं आणि तो वापरणं कधी बंद झालं, हे मात्र समोर उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असतं. तो माणूस गेला की विचारणार कुणाला? स्थानिक संग्रहालयातल्या बहुतेक वस्तू बाजाराच्या दृष्टीनं सामान्यच असतात. त्यांची किंमत हकिकतीत असते, म्हणून वस्तू आणि हकीकत एकमेकींपासून सुटणार नाहीत अशी व्यवस्था लावणं हेच इथलं मुख्य काम आहे.

दारात आलेली वस्तू

वस्तू हातात घेतल्याबरोबर पोचपावती द्या आणि तात्पुरत्या क्रमांकाची कागदी चिठ्ठी सुती दोऱ्यानं बांधा. "उद्या लिहू" म्हणून टेबलावर ठेवलेल्या तीन वस्तूंपैकी कुठली कुणी आणली, हे आठवड्याभरात कुणालाच सांगता येत नाही.

देणगीपत्र दोन प्रतींत करा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: देणारा एकटाच मालक आहे की भावंडांचाही हक्क आहे, मालकी पूर्णपणे संग्रहालयाकडे येते आहे का, आणि फोटो वा कागद असेल तर त्याच्या प्रती छापण्याची परवानगी आहे का. "कायम प्रदर्शनात ठेवू" असं वचन कधीही देऊ नका, ते पाळता येत नाही. "कायमस्वरूपी उसनं" हा प्रकारही टाळा. वीस वर्षांनी नातवंडं वस्तू मागायला येतात आणि तोवर तिची जपणूक संग्रहालयाच्या खर्चानं झालेली असते. वस्तू उसनी घ्यायचीच असेल तर परत देण्याची तारीख घाला आणि त्या तारखेला करार नव्यानं करा.

नाही म्हणायलाही शिकावं लागतं. त्याच प्रकारच्या तीन वस्तू आधीच असतील आणि चौथीची काही वेगळी हकीकत नसेल, तर नम्रपणे नकार द्या. काय घ्यायचं आणि काय नाही याचं एक पानभर धोरण लिहून भिंतीवर लावलं, की नकार माणसाला न लागता नियमाला लागतो.

काही वस्तू हाताळण्याआधीच थांबा. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांत आणि पक्ष्यांत आर्सेनिक असू शकतं. जुन्या तापमापकांत आणि वायुभारमापकांत पारा असू शकतो. अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या तबकडीवर रेडियमचा रंग असू शकतो. काडतुसं, औषधानं भरलेल्या बाटल्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली नायट्रेटची फिल्म यांचंही तसंच. ही फिल्म भयंकर वेगानं पेटते आणि पाण्यानंही विझत नाही. अशी वस्तू वेगळी ठेवा, तज्ज्ञाला बोलवा आणि तोपर्यंत दाखल करू नका.

क्रमांक आणि नोंदवही

संगणकावर काहीही ठेवा, पण मूळ दाखल नोंदवही बांधीव हवी. पानांना छापील क्रमांक, आम्लविरहित कागद आणि न पुसली जाणारी पिगमेंट शाई. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून बाजूला दुरुस्ती लिहा आणि सही करा. पांढरा रंग लावून खोडू नका, पान फाडू नका.

क्रमांक तीन भागांचा ठेवला की गोंधळ होत नाही: साल, त्या सालातली कितवी देणगी, त्या देणगीतली कितवी वस्तू. २०२४.१७.३ म्हणजे २०२४ मधल्या सतराव्या देणगीतली तिसरी वस्तू. सुट्या होणाऱ्या भागांना पुढं अक्षर द्या. समजा, पायानं चालवायचं शिलाई मशीन आलं. यंत्र 'अ', टेबल 'ब', लाकडी झाकण 'क', खण 'ड'. खणात सुया, बॉबिन, एखादी दुकानाची पावती, घडी घातलेला मापांचा कागद सापडतो. हे रिकामं करून टाकू नका. मापांच्या कागदावर नावं असतात, आणि तीच त्या मशीनची गिऱ्हाइकं. प्रत्येकाला क्रमांक द्या. यंत्राच्या पायथ्याशी अनुक्रमांक कोरलेला असतो, तोही उतरवून घ्या. अनेक कंपन्यांच्या यंत्रांचं साल त्यावरून निघतं.

नोंदीत वस्तूचं नाव, मापं सेंटिमीटरमध्ये, साहित्य, वस्तूवरचा मजकूर जसाच्या तसा, मोडतोड, देणगीदार, हकीकत, ठेवल्याची जागा आणि फोटो हवेत. फोटोत मोजपट्टी आणि क्रमांक दिसू द्या. डाग, चीर, टवका अशा ओळखखुणांचे जवळून वेगळे फोटो काढा. वस्तू चोरीला गेली तर ती आपलीच आहे हे सिद्ध करायला त्याच खुणा कामी येतात.

आता क्रमांक वस्तूवर घालण्याचं काम. सर्वांत जास्त नुकसान इथंच होतं. धातू, काच, चिनीमाती, रोगण नसलेलं गुळगुळीत लाकूड यांच्यासाठी पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक राळ वापरतात. १०० मिलीलीटर ॲसिटोनला २० ग्रॅम दाणे घ्या. दाणे थेट ओतले तर तळाशी त्यांचा चिकट गोळा होतो. ते पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून झाकणाच्या काचेच्या बरणीत लटकत ठेवा, रात्रभरात विरघळतात. खोलीत हवा खेळती हवी आणि जवळपास ज्योत नको.

१. जागा निवडा. चटकन दिसणार नाही, पण शोधली की सापडेल अशी. घासली जाणारी बैठक, नक्षी आणि हलणारे भाग टाळा.
२. या द्रावणाची, क्रमांकापेक्षा किंचित मोठी पट्टी ब्रशच्या एकाच फटकाऱ्यात ओढा. ब्रश पुन्हा पुन्हा फिरवला की बुडबुडे येतात.
३. निदान अर्धा तास वाळू द्या. ओल्या थरावर लिहिलं तर शाई पसरते.
४. पिगमेंट शाईच्या बारीक पेनानं लिहा आणि पूर्ण वाळवा.
५. वरून दुसरा थर एकाच झटक्यात द्या. रेंगाळलात तर ॲसिटोन खालचा थर विरघळवतं आणि आकडे फिसकटतात. वरच्या थराला व्हाइट स्पिरिटमधलं (रंग पातळ करायच्या द्रावकातलं) पॅरालॉइड बी-६७ वापरलं तर ही अडचणच येत नाही.

कधी पुसायची वेळ आलीच, तर ॲसिटोनचा बोळा फिरवला की सगळं निघतं. खूण टिकायला हवी, पण काढताही यायला हवी. नखांना लावायचं पॉलिश हा पर्याय नाही. ते पिवळं पडतं, पापुद्रा सुटतो आणि क्रमांकही जातो. प्लॅस्टिकवर, रोगणावर, रंगवलेल्या भागावर ॲसिटोन लावू नका. शिलाई मशीनचा काळा रंग आणि त्यावरची सोनेरी नक्षी त्यानं मऊ पडून खराब होऊ शकते, म्हणून तिथं नुसती चिठ्ठी बांधा. कापडाला पांढऱ्या सुती फितीवर क्रमांक लिहून ती फीत शिवणीजवळ दोन-चार सैल टाक्यांनी शिवा. कागद आणि फोटो यांना पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं, न दाबता लिहा. फोटोचा कागद गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उमटत नसेल तर क्रमांक पाकिटावर घाला. सेलोटेप, रबरबँड आणि लोखंडी टाचण्या खोलीतूनच हद्दपार करा.

साठवण

फडताळाची सर्वांत खालची फळी जमिनीपासून १०–१५ सेंटिमीटर वर आणि बाहेरच्या भिंतीपासून सुटी हवी. पाणी शिरलं तरी तेवढा वेळ मिळतो. हवेतला दमटपणा साधारण ४० ते ६० टक्क्यांत आणि शक्य तितका स्थिर ठेवा. ६५ च्या वर दिवसच्या दिवस राहिला की बुरशी धरते. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, हा प्रकार तर काहीच न करण्यापेक्षा वाईट. लाकूड रोज फुगतं, रोज आकसतं आणि शेवटी तडकतं.

कापडाच्या घडीत आम्लविरहित कागदाच्या वळ्या घाला, नाहीतर घडीवरच धागे तुटतात. पितळ-तांबं घासून चकाकवू नका. प्रत्येक घासण्यात धातूचा थर आणि त्यावरची अक्षरं झिजतात. पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची चालतात.

लोकरीला वा लाकडाला कीड दिसली तर औषध फवारू नका. वस्तू पॉलिथिनमध्ये गुंडाळा, हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर निदान २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड वस्तूवर पाणी धरतं. तैलचित्रं, काचेच्या फोटो-पट्ट्या आणि अनेक साहित्यांच्या मिश्र वस्तू गोठवायच्या नाहीत.

प्रत्येक जागेला खोली-फडताळ-फळी-खोका असा सांकेतिक क्रमांक द्या. वस्तू हलवली की तिच्या जागी चिठ्ठी ठेवा: काय, कुणी, कधी, कुठं नेलं. वर्षातून दोनदा नोंदवहीतल्या कुठल्याही २० नोंदी घेऊन त्या वस्तू शोधा, मग फळीवरच्या कुठल्याही २० वस्तू घेऊन त्यांच्या नोंदी शोधा. दोन्हीकडून तपासायला हवं. पहिल्यात हरवलेल्या वस्तू कळतात, दुसऱ्यात बेवारस.

मांडणी

प्रदर्शनाचा विषय एका वाक्यात सांगता येत नसेल तर वस्तू निवडायला बसू नका. "आपले जुने दिवस" हा विषय नाही. "वीज आल्यावर संध्याकाळ कशी बदलली" हा आहे. मग कंदील, पहिलं वीजबिल, रात्री शिकणाऱ्या मुलांचा फोटो आपोआप एकमेकांशी बोलू लागतात. सगळं काढून मांडण्याचा मोह आवरा.

प्रकाशानं झालेलं नुकसान साठत जातं, ते भरून येत नाही. कापड, कागद, रंगीत फोटो, जलरंग यांना ५० लक्स (लक्स हे वस्तूवर पडणारा उजेड मोजायचं एकक), तैलचित्रांना आणि लाकडाला २०० लक्सपर्यंत, हा रूढ हिशोब. ५० लक्स रोज ८ तास आणि वर्षाचे ३०० दिवस म्हणजे १,२०,००० लक्स-तास. कडक थेट उन्हात प्रकाश १,००,००० लक्सच्या घरात जातो, म्हणजे तेवढाच मारा साधारण सव्वा तासात. खिडकीसमोर टांगलेला रेशमी पोशाख किती लवकर जातो हे यावरून ध्यानात यावं. नाजूक कापड ३–४ महिन्यांनी बदला, आणि पत्रांच्या व फोटोंच्या उत्तम प्रती लावून मूळ आत ठेवा. ५० लक्स अंधुक वाटतात ही तक्रार येणारच. दालनात येण्याच्या वाटेवरचा उजेडही कमी केला तर डोळे सरावतात.

कपाटासाठी नवं प्लायवूड वा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला तक्ता) वापरलं तर त्यातून आम्ल बाष्पं सुटतात आणि शिसं वा पितळ खराब होतं. रंगवलेलं कपाट निदान तीन-चार आठवडे उघडं वाळू द्या. पोशाख पुतळ्यावर चढवायचा असेल तर पुतळा लहान घ्या आणि भरण घालून मापात आणा.

माहितीफलक ५०–६० शब्दांचा, अक्षर २४ पॉइंट किंवा मोठं, फिकट पृष्ठभागावर गडद. चाकाच्या खुर्चीवरूनही वाचता येईल एवढ्या उंचीवर. "शिलाई मशीन. लोखंड व लाकूड. विसावं शतक" एवढं लिहिलं तर लोक पुढं सरकतात. त्याऐवजी: "उजवीकडचं चाक बघा. रंग सगळीकडे शाबूत आहे, कडेला मात्र पार उडालाय. प्रत्येक शिवण सुरू करताना हे चाक हातानं ढकलावं लागे." आता वाचणारा वाकून बघतो.

लोकांना आत आणणं

सर्वांत फळ देणारा उपक्रम म्हणजे फोटो-दिन. घरोघरी अल्बम पडून असतात, ते संग्रहालयाला द्यायचे नसतात, पण प्रत करू द्यायला लोक आनंदानं तयार होतात. चार टेबलं मांडा: नाव आणि संमती, फोटोची माहिती, स्कॅनिंग, आणि मूळ फोटो मोजून परत. एका घराला १० फोटोंची मर्यादा घाला, नाहीतर रांग हलत नाही. माहितीच्या टेबलावर दोन माणसं ठेवा, एक विचारायला आणि एक लिहायला. अडतं ते तिथंच, स्कॅनरवर नाही.

स्कॅन ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), टिफ या न दाबलेल्या फाइल-स्वरूपात. ६ बाय ४ इंची रंगीत फोटोची फाइल सुमारे २५ एमबी होते, तेवढी जागा आधी बघून ठेवा. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथंच असते. अल्बमला चिकटलेले फोटो उचकटू नका, पूर्ण पानाचा कॅमेऱ्यानं फोटो घ्या. प्रत छापून तिच्यावर चेहऱ्यांना आकडे घाला आणि नावं लिहा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीखही. दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली तर दोन्ही ठेवा. संमतीच्या चौकटी तीन हव्यात: जतन, दालनात मांडणं, इंटरनेटवर टाकणं. एकीला हो म्हणजे तिन्हींना हो नव्हे.

आठवणी ध्वनिमुद्रित करताना वॅव्ह (आवाज न दाबता साठवणारं) स्वरूप, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी होते. पंखा आणि टिकटिकणारं घड्याळ बंद करा, यंत्राखाली घडी घातलेलं कापड ठेवा. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं बोला. "तेव्हा छान होतं ना?" असं विचारू नका, "सकाळी उठल्यावर पहिलं काम कुठलं असायचं?" असं विचारा. मध्ये "हं, हं" न करता मान हलवा. बोलणारा थांबला तर पाच-सहा सेकंद गप्प बसा, खरी आठवण बहुधा त्यानंतर येते. दीड तासाच्या पुढं वयस्कर माणूस थकतो. सही मुलाखतीनंतर घ्या, काय बोललो हे तेव्हाच माहीत असतं. हयात व्यक्तीवर आरोप आला असेल तर तेवढा भाग बंद ठेवायची मुभा द्या. फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक इमारतीबाहेर.

शाळांसाठी हाताळणीचा वेगळा संच करा. नाकारलेली चौथी वस्तू इथं उपयोगी पडते, पण ती झिजेल, मोडेल हे देणाऱ्याला आधी सांगा आणि दाखल नोंदवहीत तिला घेऊ नका.

अशा दिवशी कुणीतरी शिलाई मशीनसमोर थबकतं आणि म्हणतं, ही माझ्या आत्याची. कागद-पेन दालनात हाताशी ठेवा. नाव, तारीख, सांगितलेलं शब्दशः, आणि वर त्या मशीनचा क्रमांक, समजा २०२४.१७.१. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी तो कागद त्या क्रमांकाच्या फायलीत गेला पाहिजे.