माती नकाशात ‘निचरा चांगला’, पण खड्ड्यात पाणी: माझा अनुभव

माती सर्वेक्षणाच्या नकाशात माझ्या बांधकामाच्या प्लॉटवर ‘मध्यम खोल, निचरा चांगला’ असं होतं. प्रत्यक्षात खालच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात पाणी साचायचं आणि माती सुकली की बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या.

नकाशा झूम करून पाहिला, शेजारच्या पट्ट्यांशी ताडला. काही उपयोग नाही. डोकं भणाणून गेलं होतं.

जमलं ते असं. आधी नकाशाचं प्रमाण पाहिलं: 1:50,000. म्हणजे कागदावरचा 1 मिमी जमिनीवर 50 मीटर, अख्खा प्लॉट त्यात मावतो! झूम केल्याने रेषा मोठी होते, माहिती वाढत नाही. मग नकाशासोबतच्या अहवालातलं त्या पट्ट्याचं वर्णन पूर्ण वाचलं. एकाच नावाखाली दोन-तीन प्रकारची माती असते. गौण (कमी प्रमाणात असलेली) माती कोणती आणि ती उतारावर कुठे सापडते, हे तिथेच दिलेलं होतं. सखल भागात फुगणारी चिकणमाती. त्यानंतर वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात खड्डे घेऊन थरांचे रंग वर्णनाशी जुळवले. खाली करड्या मातीत तांबूस ठिपके होते, म्हणजे पाणी मोसमात तिथवर चढतं.

शेवटी फुगवण चाचणी: वाळवून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती, प्रत्येकी 10 ग्रॅम, एका मोजनळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये (त्यात माती फुगत नाही), 24 तास. पाण्यातलं घनफळ रॉकेलमधल्याच्या दीडपटीहून जास्त भरलं, म्हणजे माती खूप फुगणारी. पायाचा आराखडा त्यावरूनच बदलून घेतला.

असं सर्वेक्षण बहुतेकदा वरच्या दीड-दोन मीटरपुरतंच असतं. त्याखालचं कळायला बोअर घ्यावाच लागतो.